फलाट एक आणि चार

तामसखेडे जंक्शनवर फलाट दोनच:
एक आणि चार.
नवखा माणूस विचारतो, मधले कुठायत?
चहावाला आनंदा गाळणी झटकतो
आणि हनुवटीनं बाभळी दाखवतो.

मी मोजणी खात्यातला. साखळी, झेंडे, नकाशा,
डब्यात कळण्याची भाकरी.
रेल्वेची जुनी हद्द शोधायला पाठवलेला.
सातबाऱ्यावर अजून तिचं नाव आहे,
एक लांब, पातळ, वाकडी जमीन,
कुणी झोपेत ओढलेल्या रेघेसारखी.

दोन नंबरवरून छोटी गाडी जिनांकडे जायची.
सरकीचा वास, खिडकीच्या गजांना रुईचे तंतू.
इतकी सावकाश, की सायजाबाई म्हणे
पेरू विकत उतरायची,
सुटे मोजून पुन्हा चढायची.

तीन नंबरवरून सातपुड्याच्या पायथ्याला.
जाताना मीठ, रॉकेल, टपालाची एक थैली,
येताना सागाचे ओंडके
आणि ओंडक्यांवर बसलेला रेहमल पावरा.
त्याला तिकीट कधी कुणी विचारलं नाही.
ओंडके त्यानंच भरले होते.

मग लढाईच्या वर्षी रूळ उचलले.
कुणी म्हणतं, इराणात नेऊन अंथरले,
कुणी म्हणतं, वितळवले.
आनंदाचा बाप म्हणतो,
"माहित नही भाऊ. लाकडं मातर
आमनी चुलीमा जळनात."

राहिला उखा झिपरू, काटेवाला.
रूळ गेले, पण त्याची जागा रद्द करणारा कागद
आलाच नाही.
तो रोज कंदिलाची काच पुसायचा,
दांड्याला तेल द्यायचा,
खडाक्, दोनच्या बाजूला,
खडाक्, तीनच्या,
आणि दोन्हीकडे गवत.
अकरा वर्षं पगार घेतला त्यानं,
दर महिन्याला अंगठा.

एकदा मोठे साहेब ट्रॉलीवरून आले.
दांडा ओढून बघितला. लोण्यासारखा फिरला.
"कुठं नेतो हा?"
"कथाच नही, साहेब. पन अटकत नही."

शेऱ्याची वही मी पाहिली,
वाळवीनं कडा खाल्लेली:
काटा क्रमांक सात. स्थिती उत्तम.
त्याच्याच खाली, दुसऱ्या शाईत,
जागा रद्द.

हद्द काही सापडेना.
खुणेचे दगड कुणी धुणं धुवायला नेलेले,
एक तर मारुतीशेजारी शेंदूर लावून बसलेला.
त्याला झेंडा कसा लावणार?
शेवटी सापडली सुकलाल बडगुजरच्या रानात.
कपाशी कमरेला लागलेली
आणि तिच्या मधोमध एक पट्टा
गुडघ्याएवढाच,
हलकासा वळत थेट भिलाभाऊच्या केळीत शिरलेला.
खाली गिट्टी आहे, मूळ जात नाही.
"बापानं नांगर घालून पाहिला,
मी ट्रॅक्टर. दरसाल तेवढीच खुजी."

बांधावरून त्याच्या बायकोनं
मजूर बाईला हाक दिली,
"गाडीमधली येची लिधी का?"

मी विचारलं, कुठली गाडी?
सुकलालनं माझ्याकडे असं पाहिलं
जसा मीच परगावचा.
त्या पट्ट्याला ते गाडीच म्हणतात.
गाडीतली कपाशी सगळ्यात शेवटी वेचतात,
बोंडं लहान, पण रुई पांढरी.

साखळीला वळण मोजता येत नाही.
सरळ सरळ तुकडे पाडावे लागतात.
एकवीस तुकडे पाडले,
बेरीज कागदावर बसली,
वळण तिथंच राहिलं.

संध्याकाळी स्टेशनात परतलो.
पॅसेंजर चाळीस मिनिटं उशिरा.
बाभळीत काटा क्रमांक सात उभा,
त्याच्यावर आनंदाचं गाळणीचं फडकं वाळत घातलेलं.
फडकं काढून हातात घेतलं
आणि दांडा ओढला.
पुन्हा ओढला, पाय रोवून.
अटकला होता.

मागून आनंदा म्हणाला,
"साहेब, तेवढं फडकं परत टाका."